गच्चीवरची चादर आणि हवेतली चौदा पावलं : टँडम पॅराग्लायडिंगचे तुमचे अनुभव लिहा

उंबरठा
आज गच्चीवर डबल बेडची ओली चादर वाळत घालत होते. दोन कोपरे माझ्या हातात, दोन मोकळे, आणि एकदम वारा आला. चादर फाट्कन फुगली आणि मी दोन पावलं मागे ओढली गेले. क्षणाचाच खेळ, पण खांद्यांना ती ओढ लगेच ओळखू आली. अकरा वर्षं झाली असतील त्या पॅराग्लायडिंगला.

टँडम म्हणजे पुढे आपण, मागे पायलट, दोघांचे हार्नेस (अंगावरच्या पट्ट्यांची बैठक) एकाच पंखाला, म्हणजे डोक्यावर फुगणाऱ्या कापडाला. सूचना मोजून दोन. ‘मी पळा म्हटलं की पळायचं. मी बसा म्हणेपर्यंत बसायचं नाही.’ यात न कळण्यासारखं काय आहे? मी मान डोलावली. हेल्मेट एक नंबर मोठं होतं, ते मानेनंतर जरा उशिरा डोललं.

पायलट म्हणाला पळा. मागे पंख उभा राहिला आणि कुणीतरी कॉलरला धरून खेचावं तसं झालं. मागून ओढलं की थांबायचं, ही जन्माची सवय. मी थांबले. तो ओरडतोय ‘पळा पळा पळा’, मी कशीबशी चार पावलं टाकली आणि चक्क बसले. मागे हार्नेसची गादी लागली ना, खुर्चीच वाटली. दोघंही बुडावर आपटलो आणि पंख आमच्या डोक्यावरून पुढे जाऊन झुडपात. दोऱ्या सोडवायला वीस मिनिटं. आजी नातीच्या केसांतला गुंता काढते तसा तो एकेक दोरी काट्यांतून काढत होता, जराही न ओढता. रागावला नाही. एवढंच म्हणाला, ‘मॅडम, जमीन संपली तरी पळत राहा.’

मग मी अशी पळाले की हवेत गेल्यावरही पाय चालूच. व्हिडिओत मोजलीत, चौदा पावलं हवेत. शेवटी मागून आवाज, ‘झालं मॅडम, बसा आता.’

वर शांतता असेल असं वाटलेलं. नसते. कानाशी सतत वारा, दोऱ्यांची बारीक शिट्टी, पायलटच्या व्हेरिओची (आपण वर जातोय की खाली ते सांगणारं यंत्र) टिंव टिंव. भीती मात्र टेकऑफवर बॅगेजवळच राहिली. हे मला अजून कळलेलं नाही. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून वाकलं की माझे तळपाय शिवशिवतात, आणि तिथे पायाखाली सातशे मीटर काहीच नाही नि मी निवांत स्वतःचे बूट बघतेय.

तुमचं काय झालं ते लिहा. उडालात, पडलात, पळून आलात, सगळं चालेल. दुसरी चादर राहिलीय, घालून येते.

निवांत भुंगा
चौदा पावलं 😂😂 मी पण! माझ्या पायलटने तर विचारलं, ‘कुठे पोचायचंय?’

आळशी कासव
मी मित्रांचे फोटो काढायला गेलो होतो. उडायचा काडीचाही विचार नव्हता. एकाने ऐनवेळी माघार घेतली आणि माझ्या अंगावर हार्नेस चढला. विचार करायला वेळ मिळाला नाही म्हणूनच उडालो. रांगेत तासभर थांबावं लागलं असतं तर मीही पळ काढला असता.

रानजाई
ती माघार घेणारी मीच असणार, असं वाटलं वाचून :)
मी नाही उडाले. हार्नेस घातला, क्लिपा लागल्या, उताराच्या कडेला उभी राहिले आणि म्हटलं नको. पायलटने एका शब्दाने आग्रह केला नाही, पटापट सोडवलं. बाकीच्यांनी मात्र घरी येईपर्यंत पिडलं. ‘आयुष्यभर पस्तावशील.’ नऊ वर्षं झाली, अजून वाट बघतेय पस्तावण्याची.

घड्याळजी
आमच्या अनुभवात उड्डाण कमी आणि बसणंच जास्त. सकाळी सातला टेकऑफवर हजर, कारण आमच्यातल्या एका उत्साही माणसाचं मत होतं की लवकर गेलं की लवकर नंबर. साडेदहापर्यंत कुणीच उडालं नाही. लख्ख ऊन, सुंदर हवा, आणि पायलट लोक दगडावर बसून गप्पा मारतायत. मी चिडून विचारलं, तर एकाने चिमूटभर सुकं गवत तोडून माझ्यासमोर सोडलं. गवत दरीकडे गेलं. म्हणाला, ‘हे उलटं आमच्याकडे आलं पाहिजे.’

तेव्हा डोक्यात शिरलं नाही. नंतर समजलं की रात्रभर गार झालेली जड हवा सकाळी उतारावरून खाली वाहत असते, म्हणजे टेकऑफवर वारा पाठीमागून. ऊन चढून उतार तापला की हवा दरीतून वर यायला लागते आणि समोरून वारा मिळतो. पंखाला समोरूनच वारा लागतो. पाठीमागून वारा असताना उडायचं म्हणजे तेवढंच जास्त जोरात पळा, आणि उतार संपायच्या आत उचललं नाही तर मग आहेच. हिमाचलातलं बिलिंग असो, नेपाळातलं सारंगकोट असो नाहीतर तुर्कस्तानातलं बाबादाग, डोंगराचं हे रोजचं वेळापत्रक थोड्याफार फरकाने तेच.

अकराला गवत अंगावर आलं. साडेअकराला मी हवेत. बारा मिनिटांत खाली. साडेचार तास थांबून बारा मिनिटं!!

तिरपागडा
@घड्याळजी, बारा मिनिटं म्हणजे तुम्हाला वर नेणारी हवा मिळाली नाही, सरळ उतरलात. टँडमचा पंख स्थिर हवेत सेकंदाला साधारण एक-सव्वा मीटर खाली येतो. ८०० मीटर उंची असेल तर करा हिशोब.

मी एकट्याने उडायला शिकलोय (अजून शिकतोच आहे), म्हणून उंबरठाताईंच्या प्रश्नावर थोडं. गॅलरीत भीती वाटते कारण गॅलरी, भिंत, खालचा रस्ता असं सलग डोळ्यांना दिसतं, आणि तोल सांभाळायला मेंदू त्याच्यावर टेकलेला असतो. हवेत जमिनीपर्यंत जोडणारं काहीच नसतं. खालचं सगळं नकाशा होऊन जातं. उंचीची भीती असणारे कितीतरी लोक उडतात ते यामुळे. उलट डोंगराच्या अगदी जवळून गेलं, झाडांचे शेंडे बाजूने सरकायला लागले, की तीच माणसं हार्नेसचे पट्टे घट्ट पकडतात.

उंबरठा
@तिरपागडा अरे हो! कड्याजवळून नेलं तेव्हा पोटात गोळा आला होता खरा. मला वाटलं तो वेगाने आला.

तिरपागडा
वेग तोच असतो, ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटर. वर जाणवत नाही, कडेला काही असलं की जाणवतो.

कोपऱ्यातली
मी समुद्रावर केलंय, बोटीला दोरी बांधून. पाण्यात दोनदा बुचकळून काढलं. मज्जा आली होती पण खारं पाणी नाकात गेलं.

निवांत भुंगा
@कोपऱ्यातली ते पॅरासेलिंग हो. त्यात बोट ओढते, यात आपणच पळायचं. चौदा पावलं.

कोपऱ्यातली
अय्या. बरं मग मी कधीच नाही केलं. वाचतेय.

पोटमाळा
ओकारीबद्दल कुणीच कसं बोलत नाहीये?

मला ‘लकी’ म्हणाले होते, कारण त्या दिवशी थर्मल जोरात होत्या. थर्मल म्हणजे तापलेल्या जमिनीवरून उठणारा गरम हवेचा खांब. घार पंख न हलवता गोल गोल वर जाते ना, तोच. तो सापडला की पायलटही त्यात गोल फिरत बसतो. व्हेरिओ आनंदाने टिटिटिटिटी करतो. जितकं भराभर वर जाल तितका त्याचा सूर चढा आणि घाईचा. पहिल्या पाच फेऱ्या मी पण ओरडत होतो. दहाव्या फेरीला गप्प झालो. पंधराव्या फेरीला पायलट उत्साहात सांगतोय, ‘सर, टेकऑफपेक्षा तीनशे मीटर वर आलो!’ आणि माझं सगळं लक्ष माझ्या घशात.

म्हटलं, खाली. म्हणाला, ‘सर अजून पंधरा मिनिटं आहेत तुमची.’ म्हटलं, भेट दिली तुला.

भल्या माणसाने बाजूच्या खिशातून पिशवी काढून दिली, म्हणजे हे नेहमीचंच असणार. क्षितिजाकडे बघा म्हणाला, फोनमध्ये बघू नका. गोल फिरणं बंद करून सरळ काढलं तशी दोन मिनिटांत तरतरी आली. तर लोकहो, स्क्रीनमध्ये बघत व्हिडिओ काढू नका आणि मळमळतंय हे लवकर सांगा. मी मर्द म्हणून पंधराव्या फेरीपर्यंत थांबलो, माझी पँट त्याची साक्षीदार आहे.

आळशी कासव
पिशवी खिशातून निघाली हे वाचून बरं वाटलं. आमच्या एकाला पिशवी नव्हती. खाली लँडिंगवर त्याची बायको स्वागताला उभी होती. पुढचं लिहीत नाही.

रानजाई
🤢 कासवदादा!! दहाव्या वर्षीही मी पस्तावणार नाही, नक्की.

सातवी पायरी
आमच्या आईचं लिहायलाच हवं. वय तेव्हा ६७. मी माझंच बुकिंग केलं होतं, ती नुसती बघायला. टेकऑफवर पोचलो, समोरची दरी बघून माझ्या तोंडचं पाणी पळालं. आई अर्धा तास एका दगडावर बसून प्रत्येकाचं पळणं बघत होती, परीक्षक असल्यासारखी. ‘ह्याचं चुकलं. तो बघ, मध्येच उडी मारली. ही बरी पळाली.’ मग म्हणाली, ‘तू जात नसशील तर मी जाऊ का तुझ्या जागी?’

पायलटने बीपी, गुडघे, पाठ, सगळं विचारलं. वारा चांगला समोरून होता, म्हणाला आजी चारच पावलं पळायचंय. आई सहा पावलं पळाली, एकही वाया नाही. मी मागे उभा. पोटात जे झालं ते स्वतः उडालो असतो तरी झालं नसतं.

खाली लँडिंगला गाडीने पोचायला मला पाऊण तास लागला. आई लॉनवर पाय पसरून बसलेली. कसं वाटलं विचारलं, तर म्हणाली, ‘विहिरीत वाकून बघतो ना आपण, तसं. फक्त विहिरीत सगळं गाव होतं.’ त्यानंतर चार वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला हेच सांगायची, आणि शेवटी ‘हा नाही आला’ हे न विसरता.

आता ती नाही. व्हिडिओचं कार्ड माझ्याकडे आहे.

उंबरठा
@सातवी पायरी 🙏 ‘एकही वाया नाही’. आईंना मी शाळेतल्या पीटीच्या बाईच समजते आता.

निवांत भुंगा
विहिरीत सगळं गाव. वा.

खडूस शेजारीण
मी जरा कडू लिहिणार आहे, कारण सगळे हसतखेळत लिहितायत आणि कुणीतरी हे वाचून उद्या जाईल.

पाच वर्षांपूर्वी, ठिकाण सांगत नाही, नाव तर नाहीच. गर्दीचा दिवस. एक पायलट उतरला की गाडीतून वर, लगेच पुढचा पॅसेंजर. माझा पायलट हार्नेस घालताना फोनवर बोलत होता, फोन कान आणि खांद्यात धरलेला. छातीची क्लिप लावली, कॅराबिनर (पंखाला जोडणारे हुक) अडकवले, चला म्हणाला. माझ्या मांडीला काहीतरी लटकत आपटत होतं. खाली बघितलं तर उजव्या पायाचा पट्टा मोकळा. मी म्हटलं, हे असंच असतं का? तो फोनवर ‘एक मिनिट’ म्हणाला, पट्टा लावला, पुन्हा फोन. सॉरी नाही, काही नाही.

पायाचे पट्टे सुटे असतील तर माणूस हवेत गेल्यावर हार्नेसमधून खाली सरकतो. काखेत अडकून लोंबकळतो, किंवा तेवढंही नाही. हे मला घरी आल्यावर समजलं. त्या रात्री झोपले नाही.

म्हणून सांगते, उजवी मांडी, डावी मांडी, छाती, हेल्मेटचा पट्टा, दोन्ही खांद्यांचे हुक. पळायच्या आधी स्वतःच्या हाताने ओढून बघा. रिझर्व्ह पॅराशूट कुठे आहे तेही विचारा, ते असायलाच हवं. पायलटला राग आला तर येऊ दे, चांगल्याला येत नाही.

तिरपागडा
+१००. आम्हाला पहिल्या दिवसापासून हेच घोकून घेतलं. आणि एक: टेकऑफवर कुणी बोलण्यात गुंतवलं, तर तपासणी पुन्हा पहिल्यापासून. मध्ये खंड पडला की पट्टा राहतो. बरेच अनुभवी लोकही यात फसलेत.

पोटमाळा
बाई, शहारा आला. मी तर पट्ट्यांकडे बघितलंही नव्हतं, कॅमेरा नीट लागलाय का तेवढं बघितलं.

झाकली मूठ
वजनाचं कुणी लिहील का म्हणून वाट बघत होते, शेवटी मीच लिहिते. मी ९२ किलो. टेकऑफवर सगळ्यांदेखत वजनकाट्यावर उभं केलं आणि आकडा मोठ्याने ओरडला. मागे खसखस. माझ्याआधीच्या तिघांना पटापट पायलट मिळाले, मला ‘तुम्ही जरा थांबा’.

बाजूला जाऊन बसले, डोळे भरून आले होते खरं सांगते. थोड्या वेळाने एक किडकिडीत पायलट येऊन शेजारी बसला आणि मातीत काडीने हिशोब मांडला. टँडम पंखाचं एकूण वजन ठरलेलं असतं, दोन माणसं आणि सामान धरून बऱ्याच पंखांचं सव्वादोनशे किलोच्या आसपास. वारा मंद असला की जड जोडीला जास्त पळावं लागतं, म्हणून वारा वाढायची वाट बघायची आणि पायलट हलका द्यायचा. ‘मी ५८ किलो, म्हणून तुम्ही माझ्या.’ आणि म्हणाला, खरी पंचाईत अगदी हलक्या माणसांची, जोराच्या वाऱ्यात पंख त्यांना पुढे जाऊच देत नाही. चाळीस किलोच्या एका मुलीला त्याच वाऱ्यामुळे परत पाठवलं त्या दिवशी, ती माझ्यापेक्षा जास्त रडत होती.

हेच आधी सांगितलं असतं तर? आकडा ओरडायची काय गरज? बाकी उड्डाण एक नंबर. त्याने मला ब्रेक, म्हणजे पंख वळवायच्या दोऱ्या, हातात दिले होते थोडा वेळ. उजवा ओढला की उजवीकडे. एवढा मोठा पंख, आणि माझ्या दोन बोटांचं ऐकत होता.

खडूस शेजारीण
@झाकली मूठ, खसखस करणाऱ्यांचे पट्टे मी तपासले नसते.

झाकली मूठ
😄❤️

अर्धवट
हा प्रकार शोधला कुणी पण?

तिरपागडा
डोमिना जालबर्ट नावाच्या माणसाने १९६४ मध्ये कप्पे कप्पे असलेला, पुढून हवा भरून फुगणारा पंख तयार केला. पुढे १९७८ मध्ये फ्रान्समध्ये म्युसी गावात तीन पॅराशूटवाले विमानाचा खर्च वाचवायला डोंगरावरूनच पळत सुटले आणि उडाले. म्हणजे काटकसरीतून आलेला खेळ आहे.

पंखात काठी नाही, सळई जवळजवळ नाही, हवेनेच आकार धरलेला असतो. त्यामुळे कधीतरी खडबडीत हवेत एखादी बाजू मिटते. बहुतेक वेळा ती स्वतःच पुन्हा भरते, पायलट मदत करतो. एवा विश्निएर्स्का या जर्मन पायलटला तर २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात मॅनिलाजवळ वादळी ढगाने आत ओढून ९९४६ मीटरवर नेलं. वाटेत ती बेशुद्ध, अंगावर बर्फ, आणि तरी पंखाने तिला जिवंत खाली

रानजाई
@तिरपागडा थांबा थांबा थांबा. ९९४६?? लोकांना उडायला पाठवताय की पळवून लावताय?

तिरपागडा
स्टेशन आलं म्हणून अर्धवट राहिलं. सांगायचं होतं की ढग उभा वाढताना दिसला की शहाणा पायलट उडतच नाही. त्याच वादळात दुसरा एक पायलट दगावला. म्हणून पायलट आज नको म्हणाला की हुज्जत घालू नका.

अर्धवट
प्रश्न विचारला मी, वाक्य अर्धवट तुमचं.

गुळगुळीत दगड
लँडिंगबद्दल दोन शब्द. ‘पाय वर’ म्हटलं की पाय वर. मला वाटलं, मी एवढा ट्रेक करणारा, उभा उतरेन. पाय खाली सोडले, पायलट अजून वेगात, माझी टाच गवतात रुतली आणि तो मागून माझ्यावर. माकडहाड महिनाभर. ऑफिसमध्ये उशी घेऊन बसायचो, कारण विचारलं की सांगायचो ‘साहसी खेळ’.

उंबरठा
आम्हाला उलट ‘उभे राहा, पळा’ म्हणाले होते लँडिंगला. म्हणजे पायलट सांगेल तसं?

तिरपागडा
हो. वारा समोरून बरा असेल तर अलगद उभं उतरता येतं. वारा पडलेला असेल तर घसरत. तुम्ही आधी ठरवायचं नाही एवढंच.

कोपऱ्यातली
इतकं वाचून आता मला जायचंय. चष्मा चालतो का? नंबर मोठा आहे माझा, काढला तर काही दिसत नाही.

आळशी कासव
चालतो, मागून दोरी बांधा. वर जाल तसा गारठाही वाढतो, जाकीट घ्या.

पोटमाळा
दोरी नक्की बांधा. माझ्या बहिणीचा टेकऑफलाच गेला. पुढची वीस मिनिटं पायलट दाखवतोय, ते बघा धरण, ते बघा बर्फाचं शिखर, आणि ही सगळ्याला ‘हो हो, छान’. खाली आल्यावर मला हळूच म्हणाली, ‘काहीतरी निळं होतं.’